गल्ली न खोदता

पुणतांब्यात नदीकडे उतरणारी एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या लोकांनी पहिल्याच भेटीत आम्हाला सांगून टाकलं, "हितं खोदायचं न्हाई." त्यांचं काही चुकत नव्हतं. मागे नळाच्या लाईनसाठी कुणीतरी ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरली होती आणि चर तसाच उघडा टाकून ठेकेदार निघून गेला होता. सगळा पावसाळा लोक फळ्या टाकून घरात शिरले. दूधवाल्याची मोटारसायकल चरात गेली. एका म्हाताऱ्या बाबांचा पाय घसरून खुबा मोडला, ते अजून काठी घेऊनच चालतात. त्यामुळे हातात टेप आणि डोक्यावर हेल्मेट घातलेलं कुणी दिसलं, की ती गल्ली दारात येऊन उभी राहायची.

मी तेव्हा फायबर केबलच्या कामावर साइट इंजिनिअर होते. मूळची सोनईची, पण कामासाठी राहात्यात खोली घेतली होती. शाळेपर्यंत आणि पुढे आरोग्य केंद्रापर्यंत जमिनीखालून केबल न्यायची होती आणि जवळची वाट त्याच गल्लीतून होती. पारावर जमलेल्या लोकांना मी समजावून सांगितलं, की आम्ही चर खोदतच नाही. गल्लीच्या वरच्या तोंडाला मशीन उभं राहील. तिथे एक खड्डा आणि शाळेच्या भिंतीजवळ दुसरा. मधल्या अंतरात मशीन जमिनीच्या पोटातून लोखंडी रॉड ढकलत नेईल, एकाला एक जोडत. रॉड पलीकडे निघाले की त्यांनाच पाइप बांधून उलटा ओढून घ्यायचा आणि त्या पाइपातून केबल सोडायची.

"आन आमच्या दारात?" एका बाईंनी विचारलं.

"तुमच्या दारात काहीच नाही. रांगोळीसुद्धा पुसली जाणार नाही."

लोक हसले. बोलून झालं आणि मलाच शंका खायला लागली. माझा स्वभावच तसा आहे. घरातून निघताना कुलूप ओढून बघते, चार पावलं जाते आणि परत येऊन पुन्हा ओढते. आई म्हणायची, एवढी भित्री पोरगी असल्या कामात कशी गेली, देव जाणे. पण मला वाटायचं, जमिनीखालचं काम भित्र्या माणसानंच करावं.

या कामात खरी भीती एकच असते, की खाली काय आहे ते दिसत नाही. रॉडच्या टोकाला जे ड्रिलचं डोकं असतं, त्यात एक छोटा ट्रान्समीटर बसवलेला असतो. वरून लांब दांड्याचं एक यंत्र हातात धरून चालायचं, त्याला लोकेटर म्हणतात. डोकं कुठे आहे, किती खोल आहे, कोणत्या बाजूला तोंड करून आहे, ते लोकेटरच्या पडद्यावर आकड्यांत दिसतं. ते आकडे मी सांगायचे आणि वर मशीनवर बसलेल्या ऑपरेटरनं त्याप्रमाणे डोकं वळवायचं. आमचे ऑपरेटर बीडकडचे होते. वयानं मोठे, शांत. मी त्यांना दादा म्हणायचे. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज ऐकला की मला जरा धीर यायचा.

काम सुरू करण्याआधी मी घरोघर फिरले. नळाची लाईन कुठून गेली, गटार किती खोल आहे, खाली आणखी काही आहे का, ते विचारलं. पाइपाची जागा पक्की करायला ठिकठिकाणी हातानं छोटे खड्डे घेतले आणि संध्याकाळच्या आत बुजवलेही.

"खाली अजून काही आहे का?" मी प्रत्येक दारात विचारायचे.

"अजून काय असनार? मातीच की."

गल्लीच्या मध्यावर एक गाद्या-रजयांचं घर होतं. पुढच्या खोलीत कापसाचे ढीग, शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या लग्नातल्या लाल गाद्या. मागच्या शेडमध्ये नवरा कापूस पिंजायचा आणि पुढे बायको शिवायची. सगळी गल्ली तिला भाभी म्हणायची, म्हणून मीही भाभी म्हणू लागले. पन्नाशीची, उंच, नाकावर घसरलेला चष्मा आणि केसांत कायम कापसाचे तंतू. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अजून मान धरत नव्हतं. पुढच्या खोलीत वारा खेळतो म्हणून त्याची झोळी तिथेच, छताच्या कडीला बांधलेली होती.

भाभीनं मला थांबवून विचारलं, "मशीननं हादरे बसत्यात का? लेकरू लई दचकतंय."

"नाही बसत. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मग माझ्या घराजवळून मशीन जाईल तवा तुमी हितंच थांबायचं. दुसरीकडं जायचं न्हाई."

"मी थांबेन," मी म्हणाले. तसंही लोकेटर घेऊन मला ड्रिलच्या डोक्यावरच चालायचं होतं.

कामाच्या दिवशी सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. वरच्या खड्ड्याशी मशीनची घरघर, पण गल्लीत मात्र काहीच नाही. बायका धुणं वाळत घालत होत्या, एक कोंबडी माझ्या पायात घुटमळत होती आणि तिच्या खालून आमचं ड्रिल पुढे सरकत होतं. लोक दारात उभं राहून बघत होते आणि बघण्यासारखं काहीच नसल्यानं परत आत जात होते. मी दर रॉडला आकडे सांगत होते. तळहाताला घाम सुटला होता, तो सलवारीला पुसत होते.

भाभीच्या घराच्या थोडं अलीकडे दादांचा आवाज आला, "ताई, कडक लागतंय."

नदीकाठच्या मातीत कधी मधेच दगडगोटे लागतात, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. "हळू घ्या," म्हणाले. पुढचा रॉड गेला. मी आकडे घ्यायला लोकेटर धरला, तर सिग्नल गल्लीच्या मधोमध नव्हताच. मी डावीकडे सरकले, कमी झाला. उजवीकडे सरकले तर वाढत गेला, आणि वाढत वाढत मला भाभीच्या ओट्याला खेटून उभं राहावं लागलं. तरी तो पुढेच वाढत होता. म्हणजे दगडाला आपटून ड्रिलचं डोकं तिरकं झालं होतं आणि घराखाली शिरलं होतं.

"दादा, थांबा. काहीच करू नका," मी म्हणाले. बूट काढले आणि लोकेटर घेऊन भाभीच्या पुढच्या खोलीत गेले.

"काय झालं वं?" भाभी शिलाई थांबवून उठली.

"काही नाही, भाभी. फक्त आकडा बघतेय."

खोलीत शहाबादी फरशी होती. मी लोकेटर फरशीवर टेकवत टेकवत पुढे गेले. भाभीच्या मशीनजवळ सिग्नल मोठा झाला आणि झोळीच्या जवळ त्याहून मोठा. झोळीत बाळ झोपलं होतं. त्याची आई बाजूला भिंतीला टेकून वरण-भात खात होती, तिचा घास हातातच राहिला. मी तिला हसून दाखवायचा प्रयत्न केला, पण ते हसू नीट जमलं नसावं, कारण तिनं ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. दादांचा आवाज बदलला होता.

"ताई, मी हात लावला न्हाई, पण प्रेशर एकदम पडलं. पुढं मोकळं हाय काहीतरी. आन मड परत येईना."

मड म्हणजे बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची पातळ, राखाडी रबडी. ड्रिलनं केलेलं भोक ढासळू नये म्हणून ती आत सोडत राहायची असते. ती माती घेऊन त्याच भोकातून परत मशीनच्या खड्ड्यात येते. ती परत येत नाही, याचा अर्थ ती दुसरीकडे कुठेतरी जात असते.

ती कुठे जात होती ते मला त्याच क्षणी ऐकू आलं. फरशीखाली पाणी पडत होतं. नळातून बादलीत पडतं तसं नव्हे. खूप खोल, पोकळ, घुमणारा आवाज, जणू कुणीतरी दूर खाली घागरी रित्या करतंय. तो आवाज मी उभी होते तिथूनच, माझ्या तळपायांखालून येत होता.

"पंप बंद करा!" मी ओरडले. माझ्या ओरडण्यानं बाळ दचकून रडायला लागलं. खालचा आवाज थोडा वेळ ठिबकत राहिला आणि मग थांबला.

भाभी माझ्याकडे बघत होती. "हे काय हाय?"

उत्तर मागून आलं. तिचा नवरा मागच्या दारात उभा होता, भुवयांवर कापूस बसलेला. त्यालाही आवाज ऐकू गेला होता.

"आड हाय तितं," तो म्हणाला.

"कुठं?" भाभीनं विचारलं.

"हितंच. खोलीत. माझ्या वडलांनी झाकला. नळ आल्यावर कोन आडाचं पानी काढतंय? वर तुळया टाकल्या, फरशी घातली आन खोली पुढं घेतली." तो हे सांगत होता आणि सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. "मी लहान हुतो. पार इसरूनच गेल्तो."

"लग्न हून या घरात आले, दोन बाळंतपणं काढली," भाभी म्हणाली, "आन मला कुनी सांगितलं न्हाई, की मी आडावर झोपते?"

मी भाभीच्या मुलीला म्हणाले, "आधी बाळाला घ्या. बाहेर चला. भिंतीच्या कडेकडेनं चला."

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहायची. मास्तरीणबाईंनी काही न विचारता बाळाला घेतलं आणि आपल्या घरातल्या आढ्याला झोळी बांधायला घेतली. भाभी मात्र हलेना. लग्नाच्या गाद्या आत होत्या, दुसऱ्याच्या घरचं काम होतं. ती गाद्या उचलायला त्याच फरशीवरून फिरू लागली. मी तिचा हात धरला.

"भाभी, पाया पडते, बाहेर चला. खाली काय अवस्था आहे ते आपल्याला माहीत नाही."

तिनं हात सोडवून घेतला. "इतकी वरसं मला हितं झोप लागत हुती. तुमी येऊन आवाज केला. आता कशी लागंल?"

ती पुन्हा गाद्यांकडे वळली. शेवटी तिच्या नवऱ्यानं दारातूनच तिला हाक मारली, नावानं नाही, नुसती "अगं" म्हणून, पण त्या हाकेत अशी काही घाबरगुंडी होती, की ती मुकाट्यानं बाहेर आली. गाद्या आम्ही नंतर बांबूनं ओढून काढल्या.

संध्याकाळच्या आत सरपंच आले, दादा मशीन बंद करून आले. मागच्या भिंतीजवळ, आडापासून दूरची एक फरशी पहारीनं उचलली आणि तिथून आडवं उकरत आडाच्या कडेपर्यंत गेलो. मोबाईलचा उजेड आत धरला. दगडी बांधलेला गोल आड होता, माझ्या वाटण्यापेक्षा कितीतरी रुंद. वर दोन लाकडी तुळया. एक बरी होती. दुसरीला वाळवी लागून ती मधोमध इतकी बारीक झाली होती, की तिच्यावर फरशी कशी राहिली, ते कुणालाच सांगता येईना. एका बाजूनं आडाच्या दगडांतून आमचा रॉड हातभर आत आलेला दिसत होता आणि खोल तळाशी राखाडी रबडी चमकत होती.

सरपंचांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "ही बाई याच्यावर शिलाई मशीन चालवत हुती."

आता खरी पंचाईत पुढेच होती. आड भरायला हवा होता, पण त्याआधी रॉड काढायला हवा होता. आणि रॉड मागे ओढताना आडाचा एखादा दगड निखळला, तर त्याच्या मागोमाग बाकीचे आणि मग तुळया, फरशी, पुढची भिंत. रॉड तसाच सोडून द्यावा, असंही एकानं सुचवलं. पण ड्रिलनं केलेल्या भोकातून माती आडात झिरपत राहिली असती आणि उद्या गल्लीच खचली असती. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, सकाळी उजेडात काढा, घाई करू नका, माणसं लांब ठेवा.

त्या रात्री झोप आली नाही, एवढंच सांगते.

सकाळी गल्ली दोरी बांधून बंद केली. जी गल्ली आम्ही क्षणभरही बंद करणार नव्हतो, ती बंद. भाभीच्या ओट्याच्या भिंतीत एक जुनी भेग होती. तिच्यावर मी प्लास्टरच्या दोन टिकल्या देऊन काचेची पट्टी चिकटवली. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकते, हा आमच्यातला जुना उपाय. मी दोरीच्या पलीकडे उभी राहून त्या काचेकडे बघत बसले आणि दादांनी रॉड मागे ओढायला सुरुवात केली.

"ताई, सांगा."

"काच ठीक आहे. घ्या."

एक रॉड बाहेर आला, त्यांनी तो सोडवून बाजूला ठेवला. पुन्हा, "ताई, सांगा." पुन्हा मी काचेकडे बघितलं. ऊन चढलं तशी काच चमकायला लागली आणि तडकली की नुसती चमकतेय, तेच मला कळेना. मी पापणी लवू द्यायला घाबरत होते. भाभी मास्तरांच्या ओट्यावर बसली होती, पदराचं टोक दातात धरून. तिचा नवरा तिच्याशेजारी उभा होता. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

डोकं आडाच्या दगडातून निसटलं तेव्हा आतून धप्पकन आवाज आला. दोन-तीन दगड खाली गेले होते. काच तडकली, मी ती तडकताना बघितली. ओट्याचा बाहेरचा कोपरा, ज्यावर भाभीचं तुळशीइतकं उंच कोरफडीचं रोप होतं तो, सावकाश खाली बसला आणि थोडी धूळ उडाली. मी नजर काचेवरून भिंतीकडे नेली. पण भिंत उभी राहिली. फरशीही राहिली.

"ताई?" दादा विचारत होते. "ताई, सांगा की."

"ओटा गेला," मी म्हणाले. "घर आहे."

दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दगड आणि मुरूम घेऊन आल्या. मागच्या भिंतीला भगदाड पाडून आड भरायला घेतला. गल्लीतली सगळी माणसं पाट्या घेऊन रांगेत उभी राहिली, काठी टेकणारे बाबासुद्धा बाजूला खुर्ची टाकून बसले. दगड खाली पडायचा, तेव्हा आधी काहीच नाही आणि मग कितीतरी वेळानं आवाज. दिवसभरात तो आवाज जवळ जवळ येत गेला. भाभी मोजत नव्हती, पण प्रत्येक पाटीला तिचे डोळे मिटायचे. आवाज पार जवळ आला तेव्हा ती पहिल्यांदा उठली आणि नवऱ्याला पाणी दिलं.

आमचं काम संपलं नव्हतं. पाइप आता गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं, जास्त खोलातून न्यायचा होता. मी पुन्हा घरोघर गेले. तोच प्रश्न विचारला. या वेळी मात्र गल्लीला सगळं आठवायला लागलं होतं.

"आमच्या न्हानीखाली पेव हाय. आज्जाच्या वेळचं, धान्याचं."

"परसात जुनी संडासाची टाकी हाय, फरशीनं झाकल्याली."

मास्तर म्हणाले, त्यांच्या ओट्याखाली कसली तरी पोकळी असावी, काठी आपटली की वेगळं वाजतं. तिथे काहीच निघालं नाही. पण लोक आता काठ्या घेऊन आपापल्या घरात जमिनी वाजवत फिरत होते आणि मला प्रत्येक घरातून बोलावणं येत होतं. "म्याडम, हितं ऐकून जा जरा." मी जाऊन ऐकायचे. मलाही सगळीकडे पोकळच वाजतंय असं वाटायचं.

दुसऱ्या खेपेला एकेक रॉड मी इतका सावकाश पुढे नेला, की दादा शेवटी म्हणाले, "ताई, गोगलगाय पुढं गेली आपल्या." शाळेजवळच्या खड्ड्यात ड्रिलचं डोकं मातीतून बाहेर डोकावलं, ठरलेल्या जागी. मी खड्ड्याच्या काठावर बसले आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. पाइप ओढून झाला, केबल गेली, गल्लीवर एक ओरखडाही नव्हता. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

भाभीच्या खोलीची फरशी काढून खाली मुरूम धुम्मस मारून घट्ट बसवला आणि वर सिमेंटचा कोबा केला. ओटा कंपनीनं नवा बांधून दिला. मुलगी बाळाला घेऊन सासरी गेली. भाभी त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

काही महिन्यांनी आरोग्य केंद्रातल्या जोडणीचं काहीतरी बघायला मी पुन्हा पुणतांब्यात गेले. गल्लीतून चालत निघाले होते, भाभीनं आतून हाक मारली. "म्याडम, चहा घ्या."

मी बूट काढून दारात उभी राहिले. खोलीत तसेच कापसाचे ढीग, तसंच शिलाई मशीन. तिनं कोब्यावर, खोलीच्या मध्यावर, चटई टाकली. "बसा की."

मला त्या खोलीखाली तळापर्यंत काय आहे ते ठाऊक होतं. मी पाटी न् पाटी आत पडताना ऐकली होती. तरी माझा पाय उंबऱ्यावरून आत पडेना. भाभीनं ते बघितलं. चष्मा वर सारून माझ्याकडे नीट बघितलं आणि मग एकदम हसली, पहिल्यांदाच.

"तुमालाच भ्या वाटतंय व्हय? मला वाटलं, फक्त मलाच."

"तुम्ही इथं झोपता का आता?"

"न्हाई वं. मागं झोपते. हितं फक्त शिवते. ते बी पाय मशीनवर असत्यात तवर." ती पुन्हा हसली, आणि मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "ते म्हनतात, आता जिमीन दगडासारखी हाय. असंल. मी न्हाई म्हनत न्हाई."

तिनं चटई उचलली आणि आम्ही बाहेर नव्या ओट्यावर बसून चहा घेतला. समोरून एक पोरगी मोबाईल बघत बघत शाळेकडे चालली होती. भाभीनं तिला हटकलं, "खाली बघून चाल गं," आणि कप हातात घेऊन ती किती तरी वेळ त्या मुलीच्या पावलांकडे बघत राहिली.